थीम गेली चुलीत, पडदा धुता येतो का?

"तुमची थीम काय ठेवायची?" या प्रश्नाइतका निरुपयोगी प्रश्न मी आजवर ऐकलेला नाही. आणि मी सहा वर्षं आयटीत आहे, म्हणजे निरुपयोगी प्रश्न ऐकण्याचाच पगार घेतो!

विषय घरातल्या कापडाचा आहे. पडदे, सोफ्याचं कापड आणि आतला फोम, गाद्या, उशा, कुशन, दिवाणावरच्या चादरी, गालिचे... थोडक्यात घरात जे जे मऊ असतं ते सगळं. धंद्याच्या भाषेत याला सॉफ्ट फर्निशिंग म्हणतात. आता तुम्ही म्हणाल, शनिवारी सकाळी उठून या माणसाला पडद्यांवर का लिहावंसं वाटलं? तर मंडळी, गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या ओळखीतल्या निदान सात-आठ जणांनी फ्लॅट घेतले किंवा गावाकडं घर बांधलं, प्रत्येकाने इंटिरिअरवाला गाठला, आणि प्रत्येक घरात मी तेच बघतोय. भिंतीपासून भिंतीपर्यंत, छतापासून जमिनीपर्यंत लोंबणारे जड पडदे, मांडी घालून बसता येणार नाही असा सोफा, आणि दिवाणावर नऊ कुशन. ती नऊ कुशन रोज रात्री उचलून खुर्चीवर ठेवायची आणि सकाळी परत दिवाणावर मांडायची. हे काम कोण करतं ते वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं सरळ आहे. फर्निशिंग डिझाइन करणं म्हणजे राहणाऱ्या माणसाच्या गरजा काढणं. आपल्या भाषेत, रिक्वायरमेंट गॅदरिंग. या धंद्याने त्याचं रूपांतर रंग निवडण्यात करून टाकलंय, आणि आपण, म्हणजे पैसे देणाऱ्यांनी, ते मुकाट्याने होऊ दिलंय.

उदाहरण घरचंच देतो. माझे मोठे बाबा (म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा!) जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून रिटायर झाले आणि त्यांनी शहापूरला घर बांधलं. शहापूर म्हणजे ठाणे जिल्ह्यातलं नव्हे, भंडाऱ्याचं. नागपूरहून भंडाऱ्याला येताना महामार्गावर शहराच्या थोडं अलीकडे लागतं ते. इंजिनिअरिंग कॉलेज, ढाबे, दिवसरात्र ट्रक, आणि रस्ता सोडून आत गेलं की धानाची शेतं. घराचे पैसे बऱ्यापैकी दादाने घातले. दादा हिंजवडीत असतो. त्याची हौस होती की आई-बाबांचं घर 'व्यवस्थित' झालं पाहिजे, म्हणून त्याने नागपूरचा एक इंटिरिअर डिझायनर ठरवला. माणूस तसा भला होता, वेळेवर यायचा, गोड बोलायचा. तीन मीटिंगा झाल्या. तिन्ही व्हिडिओ कॉलवर, दादाबरोबर. थीम ठरली: 'रॉयल कंटेम्पररी'. म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. राजा आहे पण भाड्याने राहतो, असं काहीतरी असावं :)

झालं असं की हॉलला मरून रंगाचे जाड पडदे, खाली जमिनीला टेकलेले, सोनेरी किनारीचे. मखमली सोफा, बुटका आणि खोल. 'रॉ सिल्क लुक'ची कुशन. खाली केसाळ गालिचा. फोटो खरोखरच सुंदर आले. फोटोत मोठी आई सोफ्याच्या अगदी कडेवर बसलेली आहे, जणू दवाखान्यात नंबर लागायची वाट बघतेय.

पहिला उन्हाळा आला आणि कुलर लावायची वेळ झाली.

इथे जरा थांबून सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकांना विदर्भातल्या कुलरचं महत्त्व कळणं कठीण आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. होळी झाली की माळ्यावरचा कुलर खाली येतो, त्याच्या ताट्या बदलल्या जातात, पंप तपासला जातो आणि खिडकीच्या बाहेर स्टँडवर तो बसतो. कुलर म्हणजे गरिबांचा एसी नव्हे, त्याचं तत्त्वच उलटं आहे. एसी खोलीतली तीच हवा फिरवून थंड करतो, म्हणून खोली बंद हवी. कुलर बाहेरची कोरडी, तापलेली हवा ओल्या ताटीतून ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते, आणि थंड पण दमट हवा आत येते. आता ही दमट हवा समोरच्या बाजूने बाहेर गेलीच पाहिजे. नाही गेली तर अर्ध्या तासात खोलीत नुसता चिकचिकाट होतो आणि कुलर नुसता आवाज करतो. म्हणून कुलरच्या घरात समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवतात. आमच्याकडे हे पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं.

यावरून फर्निशिंगची अख्खी रिक्वायरमेंट लिहिता येते, बघा. एक, कुलर ज्या खिडकीला बसणार तिथे जमिनीपर्यंत पडदा चालणार नाही, कारण पडदा कुलरच्या तोंडासमोर येणार आणि गलबताच्या शिडासारखा फुगणार. दोन, समोरच्या खिडकीचा पडदा विरळ आणि बाजूला सहज सरकणारा हवा, नाहीतर हवेची वाट बंद. तीन, तीन महिने खोलीत ओलावा राहणार, त्यामुळे मखमल, जाड गालिचा, बाहेर न निघणारा फोम असल्या गोष्टींना वास धरणार. चार, बोअरच्या पाण्यात क्षार असले तर कुलरच्या शिंतोड्यांचे पांढरे डाग गडद कापडावर उठून दिसणार. चार वाक्यं! विचारायला किती वेळ लागला असता? "उन्हाळ्यात कुलर कुठे लावता, काकू?" बस्स. एक प्रश्न.

तो विचारला गेला नाही, कारण कॅटलॉगमधल्या घरात कुलर नसतो. कॅटलॉगमधलं घर एसीचं असतं, त्याला धूळ नसते, त्याच्या खिडकीबाहेर महामार्ग नसतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात धानाची मळणी सुरू झाली की बारीक भुसा हवेतून घरभर येतो हे त्या घराच्या गावीही नसतं. (उंदीरही नसतात. मळणीच्या दिवसांत सोफ्याच्या खालच्या कापडाला भोक पाडून उंदरांनी संसार थाटल्याची उदाहरणं आमच्या गावात मुबलक आहेत.)

मोठ्या आईचं म्हणणं तर याहून साधं होतं. "रोज झाडा लागते इथं. हा परदा रोज कोन उचलंल? अन् धुवाले काढाचा म्हटलं तं दोन मानसं लागते." आयलेटच्या जाड पडद्याचं वजन भिजल्यावर किती होतं ते एकदा उचलून बघा. साठी ओलांडलेल्या बाईने स्टुलावर चढून, जड रॉड काढून तो उतरवायचा? मग काय, पडदे धुतलेच जात नाहीत. ड्रायक्लीनला द्यायचे तर भंडारा गाठायचा. म्हणजे वर्षातून एकदा, दिवाळीला. बाकीचं वर्षभर ते महामार्गाची धूळ इमानेइतबारे साठवतात.

आता उन्हाचा मुद्दा. हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी आहे. डिझायनरचं उत्तर: "जाड पडदा घातलाय ना, ऊन अडेल." इथे माझ्यातला इंजिनिअर उखडतो. ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर पडलं, गडद पडद्याने ते शोषलं, आता ती उष्णता कुठे जाणार? काच उजेडाला आत येऊ देते पण तापलेल्या वस्तूची ऊब तितक्या सहज बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे तो पडदा खोलीत लावलेला हीटर झाला. मे महिन्यात दुपारी चार वाजता त्या मरून पडद्याला हात लावून बघा, मग बोलू. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवायचं. आपल्या म्हाताऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून चिकाचे पडदे बाहेरून सोडायचे, वाळ्याच्या ताट्या दाराला बाहेरून लावून त्यांच्यावर पाणी मारायचे. ज्या घराला वाळ्याची ताटी लावलेली असायची त्या घरात कुलरचं सगळं तत्त्व विजेशिवाय चालू होतं. बाहेर काही लावणं शक्यच नसेल तर निदान पडद्याला काचेच्या बाजूने पांढरं अस्तर द्यावं, म्हणजे काही ऊन तरी परत फिरेल. अस्तराचं कापड स्वस्त असतं. पण ते फोटोत दिसत नाही ना!

फोटोत काय दिसतं? चुण्या. चुण्यांचा हिशेब मी एकदा नीट मांडला, तुम्हीही मांडा. खिडकी सहा फूट रुंद, म्हणजे ७२ इंच. पडद्याचं कापड साधारण ४८ इंच पन्ह्याचं येतं. दुप्पट चुण्या धरल्या तर १४४ इंच रुंदी लागते, म्हणजे तीन पन्हे. अडीचपट धरल्या तर १८० इंच, म्हणजे चार पन्हे, कारण पाऊण पन्हा कुणी विकत नाही. आता उंची. जमिनीपर्यंत आठ फूट, वर-खाली दुमडायला एक फूट, म्हणजे एका पन्ह्याला पावणेतीन मीटर. चार पन्ह्यांना अकरा मीटर. तोच पडदा खिडकीच्या चौकटीखाली थोडा जाईल इतकाच, म्हणजे पाच फूट ठेवला आणि चुण्या दुप्पट ठेवल्या, तर साडेपाच मीटरच्या आत काम होतं. बरोबर निम्मं कापड. झाडू मारता येतो, कुलर बसतो, मोठी आई एकटी उतरवून बादलीत भिजवू शकते. आणि इथे एक उघड गुपित सांगायला हरकत नाही. फर्निशिंगच्या दुकानाकडून डिझायनरला बिलावर टक्केवारी देण्याची पद्धत या धंद्यात बरीच चालते. सगळे घेतात असं नाही, पण जिथे घेतात तिथे साडेपाच मीटर आणि अकरा मीटर यांतलं काय सुचवलं जाईल, ते ओळखायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही.

सोफ्याकडे वळतो. या सोफ्याच्या कापडाने म्हणे एक लाख रब्सची टेस्ट पास केली होती. दादाने मला हे फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलं, जसं काही आम्ही सर्व्हरचं लोड टेस्टिंग केलंय. ही मार्टिन्डेल नावाची चाचणी असते. कापडाचा तुकडा यंत्रावर ताणून त्यावर ठरावीक दाबाखाली लोकरीचं कापड घासत राहतात आणि किती फेऱ्यांनंतर धागा तुटतो ते मोजतात. घरगुती वापराला वीस-पंचवीस हजार म्हणजे पुष्कळ झालं. एक लाखाचा आकडा हॉटेलच्या लॉबीला शोभतो. आणि मुख्य म्हणजे ही चाचणी फक्त घासणं मोजते. वरणाचा डाग निघेल का, उन्हाने रंग उडेल का, शिवण उसवेल का, घाम शोषला जाईल का, यातलं काहीच त्यात नाही. चुकीच्या गोष्टीचा अचूक आकडा! आमच्या क्षेत्रात अशा आकड्यांवर अख्खी प्रेझेंटेशनं उभी राहतात, त्यामुळे मला ओळखीचं वाटलं.

फोमचंही तेच. दुकानदार सांगतो, "साहेब, ४० डेन्सिटीचा आहे, एकदम कडक." डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो. त्यावरून फोम किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो. तो कडक की मऊ ही वेगळी गोष्ट आहे. मोठ्या बाबांच्या दृष्टीने यातलं काहीच महत्त्वाचं नव्हतं. त्यांचे गुडघे गेलेले आहेत. बसल्यावर कंबर गुडघ्यांच्या खाली गेली की उठणं म्हणजे शिक्षा. त्यांना हवी होती अठरा-एकोणीस इंच उंचीची, न दबणारी बैठक आणि रेटून उठायला दोन्ही बाजूंना भक्कम हात. मिळाला बुटका, रुतणारा सोफा, ज्याचे हात नक्षीदार आणि तिरपे आहेत. परिणाम? मोठे बाबा दिवसभर व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. घरात लाखभराचा सोफा आणि घराचा मालक चारशे रुपयांच्या खुर्चीवर.

आणि सोफ्यावर काय आहे? जुनी सोलापुरी चादर! मखमल खराब होऊ नये म्हणून मोठ्या आईने दुसऱ्याच आठवड्यात अंथरली. तुमच्या आईच्या घरी जाऊन बघा, तिथेही असेल. आपण तिला हसतो, "काय गं आई, एवढा चांगला सोफा झाकून ठेवलास", म्हणतो. अहो, ती चादर म्हणजे युजरने स्वतः लिहिलेला पॅच आहे! मूळ प्रॉडक्टमध्ये जे द्यायला हवं होतं, म्हणजे काढता येणारं, धुता येणारं, घाम टिपणारं सुती कापड, ते नाही म्हणून तिने ते वरून बसवलं. ज्या घरात सोफ्यावर चादर आहे त्या घरात डिझायनर नापास झालेला आहे, एवढी सोपी परीक्षा आहे ही.

आपली जुनी बैठक आठवा. गादी, लोड, तक्के, आणि सगळ्याला पांढऱ्या खोळी. खोळ मळली, काढली, धुतली, परत चढवली. गादीतला कापूस बसला की पिंजाऱ्याला बोलावून पिंजून घेतला, गादी पुन्हा नवी. प्रत्येक भाग सुटा, प्रत्येक भाग दुरुस्त होणारा. बसायची जागा हवी तशी वाढवा, मांडी घाला, पाय पसरा, दुपारी आडवे व्हा. आणि लग्नकार्याला पंधरा पाहुणे आले की त्याच गाद्या जमिनीवर पडून झोपायची सोय. शहापूरच्या नव्या घरात पाहुण्यांच्या गाद्या ठेवायला जागाच काढलेली नाही. 'रॉयल' लोकांकडे पाहुणे हॉटेलात उतरत असावेत. हे मी जुनं ते सोनं म्हणून सांगत नाहीये. गुडघे दुखणाऱ्याला खाली अंथरलेली गादी हा छळच आहे. मुद्दा असा की त्या बैठकीत कुणीतरी विचार केलेला दिसतो, घर कसं चालतं याचा.

बरं, असा विचार करायची पद्धत परदेशातून शिकायची गरज आहे असंही नाही, आणि शिकायचीच असेल तर तीही आपल्याकडच्याच एका वस्तूवरून सांगितलेली आहे. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था पुढे १९६१ साली उभी राहिली, तिची बीजं त्यात आहेत. त्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचं उदाहरण घेतलंय. लोटा नव्याने डिझाइन करायचा तर काय काय विचारावं लागेल, याची लांबलचक यादी: पाणी किती न्यायचं, नेणाऱ्या हातांचा आकार आणि ताकद किती, डोक्यावर नेणार की कमरेवर, ओतताना तोल कसा राहील, आतून घासता कसा येईल, किंमत किती... पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याच्या माणसाला हे वाचून जरा बरं वाटतं. त्या यादीत थीम नाही. जे लोट्याला विचारायचं ते पडद्याला विचारायला काय हरकत आहे?

आता डिझायनर मंडळींची बाजू. माझी एक मैत्रीण या क्षेत्रात आहे, तिने हा वाद ऐकून मला चांगलंच झापलं. ती म्हणते, "आम्ही विचारतो रे, पण लोक पिंटरेस्टचा फोटो पुढे करतात आणि हेच पाहिजे म्हणतात. कुलरचं विचारलं तर त्यांना अपमान वाटतो, 'आम्ही एसी घेणार आहोत' म्हणतात. मग घेत नाहीत." हे मला मान्य आहे. शहापूरच्या घरातही एसीचा पॉइंट काढून ठेवलेला आहे. पण म्हणूनच तर क्लायंट कोण हे आधी ठरवायला हवं. आपल्याकडेही प्रोजेक्टमध्ये चेकवर सही करणारा एक असतो आणि सिस्टीम रोज वापरणारा दुसरा. सही करणाऱ्याला डेमो आवडतो. वापरणारा पुढची पाच वर्षं शिव्या देत एक्सेलमध्ये काम करतो. दादाने तीन मीटिंगा केल्या, मोठ्या आईशी एकही झाली नाही. तिला विचारलं असतं तर ती थीम सांगू शकली नसती, पण तांदूळ निवडायला ती कुठे बसते, सकाळचं ऊन कुठून येतं, मशीन किती किलोचं आहे आणि वाळत घालायला तार किती लांब आहे, हे तिने पाच मिनिटांत सांगितलं असतं. डिझायनरचं कौशल्य तिथून सुरू व्हायला पाहिजे. फोटो दाखवणाऱ्याला "ठीक आहे, पण हा पडदा धुणार कोण?" असं विचारण्याची हिंमत नसेल तर मग फी कसली घेता? दुकानातला पोरगाही शेड कार्ड दाखवतोच की.

एक गोष्ट मात्र मला सगळ्यांत जास्त लागली, ती 'रॉ सिल्क लुक'ची कुशन. म्हणजे खडबडीत रेशमासारखं दिसणारं पॉलिएस्टर. आणि हे कुठे? भंडारा जिल्ह्यात! भंडाऱ्याहून तुमसरच्या रस्त्याला मोहाडी लागतं, त्या तालुक्यात आंधळगाव आहे, जिथे कोष्टी समाजाचे विणकर पिढ्यान्‌पिढ्या खरा कोसा विणत आलेत. पूर्व विदर्भाच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढतात, ढिवर समाजाची माणसं ते जपतात, कोश काढतात. त्या सुताचा रंग मुळातच मधासारखा असतो. करवतकाठी साडी याच भागाची, तिच्या काठाचे करवतीसारखे दाते हातमागावरच विणले जातात. त्या जिल्ह्यातल्या घरात नागपूरहून खोटा कोसा आणून ठेवायचा म्हणजे... जाऊ दे.

पण लगेच "हातमाग वाचवा" म्हणून सगळीकडे कोसा लावायला निघालात, तर तेही थीमच झाली, फक्त देशी. रेशमाला ऊन सोसत नाही, पश्चिमेच्या खिडकीला कोशाचा पडदा लावला तर काही वर्षांत तो विरून जाईल. तिथे पातळ पॉलिएस्टरच बरं, ते उन्हाला टिकतं, पटकन वाळतं, मोठ्या आईला उचलतं. रोज बसायच्या सोफ्यावरही कोसा नको, तिथे जाड सुती कापडाची चेन लावलेली खोळ हवी. कोसा शोभतो आणि टिकतो तो जिथे ऊन नाही, घासणं नाही तिथे. दोन कुशनच्या खोळी, लोडाचं वरचं आवरण, आतल्या भिंतीवरचा एखादा पट्टा. एवढंच. पण असं नेमकं सांगणारा डिझायनर आंधळगावला जातो का? विणकराला साडीचं माप माहीत आहे, शर्टपीसचं माहीत आहे. सोळा इंची कुशनला काठ कुठे यावा, कापड किती जाड हवं, हे त्याच्याशी बसून ठरवणारं कुणीतरी लागतं.

आणि हे स्वप्नरंजन नाही, दुसरीकडे झालेलं आहे. केरळातल्या कण्णूरच्या हातमागाला भौगोलिक मानांकन मिळालंय ते 'कॅनानोर होम फर्निशिंग्ज' याच नावाने. नावातच फर्निशिंग! फॅबइंडिया १९६० साली जॉन बिसेल यांनी सुरू केली ती कुर्ते विकायला नव्हे, हातमागाचं फर्निशिंग परदेशात निर्यात करायला. त्यांचं पहिलं दुकान दिल्लीत निघालं ते १९७६ साली, म्हणजे सोळा वर्षांनी. परदेशातल्या घरांना कोणता पन्हा, कोणते रंग, किती जाडी लागते हे त्याआधी विणकरापर्यंत पोचवावं लागलं असणार, त्याशिवाय निर्यात होत नाही. लंडनच्या दिवाणखान्याची गरज पानिपतच्या मागापर्यंत पोचू शकते, आणि शहापूरच्या हॉलची गरज आंधळगावपर्यंत पोचत नाही, कारण मध्ये बसलेला माणूस नागपूरच्या शोरूममधलं शेड कार्ड उलटतोय.

तुमच्यापैकी कुणी सध्या आई-बाबांच्या घराचं काम काढलं असेल तर पहिली मीटिंग त्या घरात, त्यांच्यासमोर, शक्यतो मे महिन्यात दुपारी चार वाजता करा. डिझायनर घामाघूम झाला तर उत्तम. त्याला कुलरसमोर बसवा, मग जमिनीवर बसवा, मग घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला सोफ्याच्या सँपलवरून उठायला सांगा आणि त्याला बघू द्या. कोटेशनमध्ये कापडाचा रेट बघण्याआधी मीटर किती धरलेत ते बघा, चुण्या कितीपट आहेत ते विचारा, अस्तर कुठल्या रंगाचं आहे ते विचारा. प्रत्येक खोळीला चेन आहे का आणि ती घरच्या मशीनमध्ये मावते का, हे लेखी घ्या. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर "थीमला सूट होत नाही" असं आलं तर दुसरा माणूस शोधा.

शहापूरच्या घराचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. यंदा होळीनंतर मोठ्या आईनेच भंडाऱ्याचा टेलर बोलावला. त्याने कुलरच्या खिडकीचे पडदे चौकटीखाली वीतभर ठेवून कापले, पश्चिमेच्या खिडकीच्या पडद्यांना पांढरं अस्तर लावलं, बाहेरून बांबूचा चिक आला. सोफ्याच्या बैठकीखाली सुताराने चार इंचाचे ठोकळे ठोकले आणि वर सुती खोळ चढली, तरी मोठे बाबा अजून व्हरांड्यातच बसतात, आता सवय झाली म्हणतात. पडद्यांच्या उरलेल्या कापडातून टेलरने कुलरला गवसणी शिवली, पावसाळ्यात माळ्यावर ठेवताना घालायला. मरून रंगाची, सोनेरी किनारीची. शिलाई दीडशे रुपये.